बारावी रिंग

—नाही, तो नको. त्याला हात लावून बघा, किती पातळ आहे. हा साधा फ्लेक्स. सेल, सभा, उद्घाटन, आठ-पंधरा दिवसांचं काम असलं की हा. दोन महिने उन्हात ठेवलात तर घडीघडीवर चिरा पडतात. हा दुसरा जाळीचा. मोकळ्या चौकात, उंच भिंतीवर, जिथे वारा समोरून आदळतो तिथे हा लावायचा. वारा छिद्रांतून निघून जातो, बॅनर शिडासारखा फुगत नाही. पण जवळून वाचायला अक्षर फुटकं दिसतं. आणि तुमचा तर जवळूनच वाचायचा — दुकानाच्या दारावर म्हणालात ना? मग जाळी नको. कापड म्हणाल तर ते छताखालचं काम, ते बाहेर काढू नये. राहिला हा. ब्लॅकआउट. पाठ काळी असते याची. मागून कितीही ऊन पडो, उजेड आरपार येत नाही. वरून पारदर्शक थर चढवला, कडा दुमडून चिकटवल्या, दर दोन फुटांवर दोरी ओवायला पितळी रिंग मारली, की पाच वर्षं त्याच्याकडे बघायला नको. हाच हवा? — थांबा. आधी मटेरियल ठरवू नये, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. तीस वर्षं या टेबलापाशी आलेल्या प्रत्येकाला तो प्रश्न विचारला जातो. किती दिवसांचा हवा?

कायमचा. — बरं. ऐकलं मी. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे. इकडे बसा, सावलीत.

मजकूर बघू. ‘जाहीर सूचना. आमची कन्या हिने समोरील चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली असून तिच्याशी आमच्या दुकानाचा व घराचा कोणताही संबंध राहिलेला नाही.’ अक्षर चांगलं आहे तुमचं. — आणि हे ‘नाही’ लाल हवं? मग एक सांगतो, हे धंद्याचं सांगतो, उपदेश म्हणून नाही. उन्हात सगळ्यात आधी लाल उडतो, मग पिवळा. निळा आणि काळा मागे राहतात. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी हट्टाने लाल करून घेतलं होतं — ‘येथे वाहने उभी करू नये’, त्यातलं ‘नये’ लाल. वर्षभरात ‘नये’ उडालं आणि राहिलं काय, तर ‘येथे वाहने उभी करू’. लोक म्हणाले, करू की! डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात भिंतीला घासून शिरायचे. — हसलात. बरं झालं. आल्यापासून तुमचा जबडा आवळलेला होता.

आता हे बघा. ‘दुकानाचा’ इथपर्यंत शाई निळी आहे. ‘व घराचा’ हे काळ्या पेनने आहे, ओळीच्या वर, बारीक, आणि खाली काकपद काढून घुसवलं आहे. म्हणजे मजकूर आधी लिहून झाला होता. ‘घराचा’ नंतर सुचलं. — माझं काम अक्षरं बघण्याचं आहे, चष्मेवाले, मला ते दिसतंच. दुकानाशी संबंध नाही, हे मी समजू शकतो. तुमचं गिऱ्हाईक तिला ओळखतं, समोर बघून गोंधळतं, उद्या कुणी तिथली काच घेऊन तुमच्याशी भांडायला येईल. ती सूचना झाली. पण घराशी संबंध आहे की नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगून त्याने काय करायचं? — हो, हो, तुमचा अधिकार आहे. बापाचा अधिकार मी नाकारत नाही. हा माझ्या नाकावरचा चष्मा तिनेच बसवून दिला, म्हणून बोललो. उजवी काडी कानामागे काचत होती. तीन दुकानांत मला सांगितलं, सवय होईल. तिने काडी गरम केली, वाकवली, घातली, काढली, पुन्हा गरम केली. पाच वेळा. आणि म्हणाली, काका, दुखत असेल तर सवय करून घ्यायची नसते. — असो.

मी देवाला भिऊन वागणारा माणूस आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास प्रार्थनेला जातो, त्या वेळी शटर अर्धं ओढलेलं असतं, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. जाड सांगून पातळ कधी दिलं नाही. खोटेपणा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा जात नाही, हे मी मुलाला लहानपणापासून सांगत आलो. — हो, मुलगा आहे. त्या मशीनवर बसायचा. माझ्यापेक्षा चांगलं छापायचा, चेहऱ्याचा रंग तर असा धरायचा की माणूस स्वतःच्या फोटोपुढे उभा राहून केस नीट करायचा. तर एकदा एका व्यायामशाळेचा बॅनर होता, ब्लॅकआउट ठरलेला. रोल संपला होता आणि याने दुसऱ्या दिवशीचा शब्द दिलेला. नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही, आईचा स्वभाव. त्याने साधा फ्लेक्स छापला, मागून काळा रंग मारला आणि जाड आहे म्हणून दिला. तीन आठवड्यांत मधोमध फाटला. व्यायामशाळेचे मास्तर तो गुंडाळून घेऊन आले. मी इथेच उभा होतो. बोट लावलं आणि कळलं. मास्तरांची क्षमा मागितली, नवा देतो म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच मुलाला विचारलं, तू खोटं बोललास की नाही?

लोक समजतात, तो उलटून बोलला. मीही त्यांना तसंच समजू दिलं. — बोलला नाही तो. म्हणाला, ‘बोललो, बाबा. चुकलो.’ मान खाली. एवढंच. मास्तरसुद्धा म्हणाले, अहो, सोडा आता, कबूल केलं ना पोराने. आणि मी... मला त्या वेळी कबुली नको होती. मला माझं नाव स्वच्छ करून हवं होतं, आणि तेही गल्लीला दिसेल असं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. — पाणी? त्या माठातलं घ्या.

त्याच दुपारी त्याला घराबाहेर काढलं आणि मी मजकूर लिहिला. तुमच्यासारखाच. शब्द तेच, हे शब्द सगळ्यांना एकसारखेच कसे सुचतात, बघा. आठ बाय चार. काळं अक्षर, लाल नाही, मला माहीत होतं ना काय टिकतं ते. ब्लॅकआउट, वरून थर, कडा दुमडलेल्या. रिंगा मारायचं काम आमच्या हिचं. लग्न झाल्यापासून तिचंच. त्या कोपऱ्यात ठोकळा आणि ठसा आहे ना, तिथे बसून. एक घाव घालायची, बरोबर एक, आणि रिंग अशी गोल बसायची, जणू कापडासोबतच जन्मली. माझा हात जड. मला दोन घाव लागतात आणि रिंगेच्या कडेला नखासारखा एक वळ उठतो. तर मी बॅनर तिच्यापुढे टाकला. तिने वाचला. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने मान वर करून विचारलं, ‘किती दिवसांचा?’ — गिऱ्हाइकाला विचारतात तसं. मी म्हणालो, कायमचा. ती ‘बरं’ म्हणाली आणि बसली मारत.

आठ बाय चारला बारा रिंगा लागतात. वर पाच, खाली पाच, दोन बाजूंना मध्ये एकेक. वर चढवताना पाहतो तर अकरा. उजवा वरचा कोपरा रिकामा. तीस वर्षांत हिच्या हातून असं झालं नव्हतं, आणि कोपरा म्हणजे तर जीव बॅनरचा. एक कोपरा सुटा राहिला की वारा तिथून आत शिरतो, फडफडवतो, चार दिवसांत बाकीच्या रिंगा उपटून सगळं खाली आणतो. मी तिला बोललो. डोळे कुठे होते तुझे, म्हणालो. आणि खाली उतरून बारावी रिंग स्वतः मारली. दोन घाव. ती बघत होती.

पुढच्या महिन्यात एका दुपारी तो वारा सुटला, आठवतो? तुमचीही पाटी पडली होती. लाँड्रीची गेली, औषधवाल्याची गेली, समोरच्या शिंप्याचं तर छप्परच गेलं. आमचा बॅनर हलला नाही. लोक म्हणाले, काम असावं तर असं. आणि मला — देव मला क्षमा करो — मला अभिमान वाटला.

चौथ्या महिन्यात शिंप्याने मला हाक मारली. सुई तोंडात धरून बोलतो तो, मला आधी नीट कळलंच नाही. म्हणाला, काल तुमचे चिरंजीव येऊन गेले. तुम्ही प्रार्थनेला गेला होतात. पिशवी होती हातात, कपड्यांची. — कपड्यांची पिशवी, चष्मेवाले! माणूस भेटायला येतो तेव्हा कपडे आणत नाही. राहायला येतो तेव्हा आणतो. — बॅनरखाली उभा राहिला. सगळा वाचला. मग शिंप्याचंच स्टूल मागून घेतलं, वर चढला. शिंपी म्हणतो, मला वाटलं आता ओढून काढतो, मी कात्रीसुद्धा पुढे केली. त्याने नुसता हात फिरवला, एकेका रिंगेवरून. उजव्या कोपऱ्यापाशी थांबला. उतरला, स्टूल परत दिलं, आणि म्हणाला, ‘अकरा आईच्या आहेत. ही एक बाबांची.’ आणि गेला.

शिंप्याला काही कळलं नाही, त्याने मलाच विचारलं, म्हणजे काय हो? मला त्या क्षणी कळलं. चार महिने जे माझ्या डोक्यावर लटकत होतं ते तेव्हा कळलं. कोपरा चुकून राहिला नव्हता. सोडला होता. पोरासाठी तेवढं एक दार ठेवलं होतं तिने, वाऱ्याच्या भरवशावर. आणि मी तिला वेंधळी म्हणून, ते दोन घाव घालून... — नाही, काही नाही. डोळ्याला ऊन लागतं या वेळी.

त्याच दिवशी उतरवला. घरी जाऊन हिला विचारलं, मुद्दाम सोडला होतास? ती म्हणाली, ‘मी विचारलं होतं तुम्हाला, किती दिवसांचा म्हणून.’ बस्स. पुन्हा त्या ठोकळ्याला तिने हात लावला नाही. त्याचा फोन बंद झाला, नंबर बदलला असेल. ज्या ज्या छापखान्यात चौकशी केली तिथे नाही. आणि गेल्या वर्षी ही गेली. ती गेल्याची सूचना मी चौकात लावली, तिच्या फोटोसकट. कशावर लावली विचारा. साध्या फ्लेक्सवर! असल्या सूचना आठ दिवसांत काढायच्या असतात, म्हणून हाताने आपोआप पातळ रोल ओढला, सवय. नवव्या दिवशी मीच उतरवली, नियमाने. तो दहाव्या दिवशी आला असेल तर त्याला काय दिसलं असेल? रिकामी चौकट.

मी चुकलो असं म्हणत नाही. खोटं ते खोटंच, आजही तेच म्हणेन. माझा हिशेब — नाही, हिशेब हा शब्द नको — माझी निवड चुकली. त्याची चूक पंधरा दिवसांची होती, आणि मी तिला पाच वर्षांचं मटेरियल लावलं. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने.

कुठे आहे म्हणता तो? फेकला नाही. फेकू कसा, आणि ठेवू तरी कुठे? वर बघा. तुम्ही बसला आहात ती सावली त्याचीच. अक्षरं आभाळाकडे आहेत, काळी बाजू आपल्याकडे. आरपार काही दिसत नाही, म्हणालो होतो ना? पण चढून बघाल तर एक अक्षर पुसट झालेलं नाही. ‘नाही’ तर कालच छापल्यासारखं. कधी कधी वाटतं, लाल केलं असतं तर बरं झालं असतं. एव्हाना ‘संबंध राहिलेला’ एवढंच उरलं असतं.

उठा आता. माझी प्रार्थनेची वेळ झाली, शटर ओढायचं आहे. हा कागद तुमचा, खिशात ठेवा. — अहो, करून देणार नाही असं मी म्हटलं का? धंदा आहे माझा, मजकूर पाठ झालाय. उद्या या. बॅनर छापून, कडा दुमडून तयार ठेवतो, आठ बाय चार, ब्लॅकआउट, तुम्ही म्हणाल तसा. फक्त रिंगा मारायला माझ्याकडे आता कोणी नाही. मुलीच्या आईला सोबत घेऊन या. ठोकळा तिथे आहे, ठसा तिथे आहे. बारा रिंगा मोजून तिच्यापुढे ठेवीन. तिने बाराही मारल्या तर खुशाल घेऊन जा.

बघून उतरा, पायरी उंच आहे.