अर्धं बिस्कीट पोचवणाऱ्या सिस्टर

सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर कस्तुराबाई. सतरंजी अंथरायच्या आत येऊन बसल्या, अन वरून मलाच म्हणल्या, एवढा उशीर का. असो. अध्यक्ष सरपंच नागनाथराव, स्टेजवर बसलेल्या सिस्टर ब्रिजिता, त्यांच्यासंगं जिंतूरहून आलेल्या दोघी सिस्टर, अन समोर जमलेल्या आयाबहिणी, सगळ्यांना मनकर्णाचा नमस्कार. मी तिसरीपातूर शिकलेली. चुकले तर हसा, पण हळू हसा.

सिस्टरनं आपल्या गावात आठ वर्षं दवाखाना चालवला. आता बदली झाली. आमी सह्या केल्या, अंगठे लावले, नागनाथराव दोनदा त्यांच्या वरच्या लोकांना भेटून आले. काय उपेग झाला? उद्या सकाळी गाडी हाय.

हे पहिल्या रांगेत बसलेले आमचे मालक, दत्तराव. येलदरीच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या शेताला कवा पाणी सोडायचं, सगळं तोंडपाठ. आता मलाच विचारतात, "बाई, तुमी कोणाच्या?" पन्नास वर्षांच्या संसारानंतर काय सांगावं? मी नवस केले, उपास धरले. सिस्टरनं गोळ्या दिल्या, अन एक दिवस खरं सांगितलं, मावशी, याच्यावर औषध न्हाई.

तरी दर मंगळवारी यायच्या. मालकांची नखं काढायच्या, चहा-बिस्कीट द्यायच्या. मालक अर्धंच खायचे. उरलेलं सिस्टरच्या हातात देऊन म्हणायचे, "हे आमच्या मनकर्णाला नेऊन द्या. तिला आवडतं."

मी समोरच बसलेली. हात पुढं केला तर मूठ झाकायचे. परकी बाई खाऊन टाकील, असं वाटत असंल. मंग सिस्टर उठायच्या, चुलीकडून एक फेरा मारायच्या अन माझ्या हातावर ठेवायच्या. मालक विचारायचे, पोचलं का? पोचलं काका, म्हणायच्या.

एकदा ते बिस्कीट धरून मी रडले. तवा सिस्टरनं त्यांच्या धर्माच्या अगदी पहिल्या लोकांची शिकवण सांगितली. माणसाची विद्या एक दिवस सरती. श्रद्धा थोरली, पण माया तिच्याहूनबी थोरली, ती सरत न्हाई. मी म्हणलं, एवढ्या जुन्या लोकांना आमच्या मालकांचं कसं कळलं? सिस्टर लय हसल्या.

कस्तुराबाई म्हणायच्या, ही तुला बाटवील. आठ वर्षांत मला तर बाटवलं न्हाई, पण कस्तुराबाईंच्या गुडघ्याला तेल सिस्टरच चोळायच्या. हसू नका, त्या रडायल्यात.

तर आता मंगळवारी कोण येणार? नात अर्पिता घरी एक-दोनदा पुढं झाली, पण मालक तिच्या हातात देत न्हाईत. मालकांपासून माझ्यापातूर दोन हातांचं अंतर. तेवढं चालणारं माणूस उद्या चाललं. माझी आठवण हाय म्हणून आनंद, अन ती माझ्यापातूर येईना म्हणून जीव कासावीस. नागनाथराव, याच्यासाठी कुठं अर्ज करावा?

मघाशी पेढे वाटले. मालकांची डावी मूठ तवापासून झाकलेली हाय. सिस्टर, जायच्या आधी तेवढं घेऊन या.

तुमी सगळे आलात, बसून ऐकलंत, उपकार झाले. कमीजास्त बोलले असंल तर पोटात घाला. सिस्टर अन ह्या दोघी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणल्यात. मी कॅलेंडरात पाहिलं. त्या दिवशी मंगळवार न्हाई, शनिवार हाय. चालंल. मालकांना वार कुठं कळतोय.