सातच्या आतलं दूध

या मायबाप, जवळ सरका. बुद्धपौर्णिमेच्या शनिवारी जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या ट्राममध्ये माझ्या, या शोभनाच्या, कानी पडलेली गोष्ट सांगते. पुढच्या बाकावर दुकानवाल्या नंदाताई, मांडीवर खिरीचं पातेलं, शेजारी त्यांच्या ओळखीची क्रांती.

"दूध पहाटेच येणार होतं ना, ताई?"

"आलं होतं गं! पण शनिवारी सातच्या आत दुकानात माल उतरवायचा नाही, असा कायदा. शेजारीण खिडकीतून ओरडली, फेरबोटन, मनाई आहे! पोलिसांना बोलावते!"

"आणि सहाला चर्चची घंटा दणदणते ती?"

"ती चालते! आवाज फक्त आमच्या दुधाचा होतो!"

"मग सातपर्यंत थांबायचं."

"आणि आठच्या वंदनेला खीर कधी शिजणार, तुझं डोंबल? शेवटी आमचा ड्रायव्हर युसुफ म्हणाला, बंदी दुकानाला आहे, तुमच्या घराला नाही. दुखऱ्या गुडघ्यानं तीन मजले क्रेट चढवले गं त्यानं!"

बाबांनो, कुठं प्रसादाची खीर हाती आली, तर त्या युसुफची आठवण काढा.