आप्पांचा आकडा

तुम्ही लोक ब्लडप्रेशरला घाबरता. आमच्या वडिलांना, आप्पांना, त्याचा अभिमान होता.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट. आगाशीला नवीन डॉक्टर आले आणि दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजायला लागले. आप्पा आणि शेजारच्या वाडीतले दादूभाऊ जोडीने मोजून आले. केळीचा घड कोणाचा मोठा, यावर या दोघांची जन्मभर चढाओढ. आप्पा अंगणातूनच सांगत आले, "दादूपेक्षा माझा आकडा मोठा निघाला."

आईने डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "वहिनी, अहो हा आकडा वाढला तर हृदयाला धोका, लकवाही होतो. मीठ कमी करा."

आप्पा कसले ऐकतात. "वाडीत घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच."

शेवटी डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं. "आप्पा, दादूभाऊ, नीट ऐका. यात ज्याचा आकडा कमी, तो जिंकला."

त्या दिवसापासून आप्पा मुकाट अळणी जेवायला लागले. एका सकाळी मात्र लोणच्याची अख्खी बरणी काखोटीला मारून निघाले.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"दादूला देऊन येतो. बिचाऱ्याला फार आवडतं."

फाटकातच दादूभाऊ उभे. त्यांच्या हातात मिठात खारवलेल्या बांगड्यांचं पुडकं. "तुझ्यासाठीच आणलं होतं, आप्पा."

दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले, मग पोट धरधरून हसले. आईने बरणी आणि पुडकं दोन्ही काढून घेतलं.

"भावजी, आत या," ती म्हणाली. "आज दोघांनाही अळणीच वाढते."