दुसरा कप

दवाखान्याच्या बाकावर दोघी जावा नंबराची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या शिंप्याला ऐकायचं नव्हतं, पण कान काय मिटून घेता येतात?

“चर्चमध्ये मी घेते त्या प्रार्थना गटात शिक्षिकाबाई हल्ली येतच नाहीत गं,” थोरली म्हणाली.

“शेवटच्या आल्या तेव्हा काय झालं, ताई?”

“म्हणाल्या, नवरा गेला तरी हात सवयीनं दोघांचा चहा टाकतो. दुसरा कप ओतून टाकावा लागतो.”

“मग?”

“मी लगेच त्यावरच धडा दिला. जुनं ओतून टाकलं, की देव नवं भरतो! सगळ्यांना फार आवडला.”

“शिक्षिकाबाईंना?”

“त्यांच्याकडे... बघितलंच नाही गं मी.”

“मग एकदा त्यांच्या घरी जाऊन या ना.”

“आता जाऊन बोलू तरी काय?”

“काही बोलू नका, ताई. दुसरा कप तेवढा प्या.”