देव पुढे गेले

(दुबई, करामा. शनिवारची सकाळ. सुरेश आणि मृणालिनी यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीला लागून खोके रचलेले. शेजारचे भिकाजी चहाला आलेले.)

भिकाजी : मग शेवटी जिंकला कोण, ते सांगा ना. पहाटेपासून भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकतोय. मला वाटलं, वहिनींनी तुम्हाला फैलावर घेतलं.

सुरेश : टीव्ही होता तो. अमेरिकेच्या निवडणुकीची डिबेट. त्यात लगेच कोणी जिंकत नसतं. प्रायमरी म्हणतात तिला. आधी एकाच पक्षाचे लोक आपापसांत भांडतात, त्यातून एक उरतो, आणि तो मग समोरच्या पक्षाशी भांडतो.

भिकाजी : म्हणजे आमच्या गावचा शिमगा.

मृणालिनी : झालं. आता यांचा शिमगा. भावजी, चहा घ्या आधी.

भिकाजी : घेतो. तर पालखीचा पुढचा खांदा कोणाचा, यावरून आमच्या दोन मानकऱ्यांची जुंपली. दोघेही कट्टर परंपरावाले. एक म्हणतो माझा आजा पुढे असायचा, दुसरा म्हणतो तुझा आजा मागे असायचा आणि तोही पिऊन. तिन्हीसांजेला बघतात, तर पालखीत देवी नाही.

सुरेश : चोरीला गेली?

भिकाजी : छे. कंटाळली. एसटी स्टँडवर बसली होती, कणकवलीच्या गाडीची वाट बघत. स्टँडमास्तर म्हणाला, उंची कमी आहे, अर्धं तिकीट पडेल. मी स्वतः पाहिलंय.

मृणालिनी : मागच्या वेळी सांगितलंत तेव्हा ती रिक्षात बसली होती.

भिकाजी : रिक्षावाला मीटर टाकेना, म्हणून उतरली.

सुरेश : भिकाजी, तुम्ही क्रेनवर आयुष्य काढलंत ते बरं झालं. खाली असता तर लोकांनी पळवून लावलं असतं.

भिकाजी : वरून लांबचं दिसतं, सुरेशराव. ते असो. तुमची संपदा ज्याचं काम करते, तो निळ्या टायवाला कसा बोलला?

सुरेश : बोलला बरा.

मृणालिनी : बरा? सांगा ना त्यांना पहाटे काय झालं ते. पोरगी तिकडे अमेरिकेत थंडीत दारोदार त्याची पत्रकं वाटते, अंगणात त्याच्या नावाची पाटी लावते. सांगितलं कोणी तिला? यांनीच. म्हणे आपल्याच विचारांची माणसं आहेत.

सुरेश : आहेतच. घर, कुटुंब, देवधर्म, शिस्त. मी काय चुकीचं सांगितलं?

भिकाजी : पण झालं काय?

सुरेश : ती प्रश्न विचारणारी बाई होती ना, तिने शेवटी विचारलं. बाहेरून येऊन इथले नागरिक झालेले लोक आपल्या आईबापांना बोलावून घेतात. हे बंद करायला कोण कोण तयार आहे? हात वर करा.

भिकाजी : मग?

सुरेश : मग काय. इतका वेळ एकमेकांचे कपडे फाडत होते. टॅक्स म्हणू नका, युद्ध म्हणू नका, कशावर म्हणून एकमत नाही. एकाने तर दुसऱ्याच्या बायकोचं काढलं. आणि या प्रश्नाला सगळे हात वर.

मृणालिनी : लगेच सगळे नाही. यांचा निळा टाय थांबला होता. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेजारचा लाल टायवाला म्हणाला, बघा, हा मऊ आहे. तेव्हा याने असा हात वर केला की कोटाची बाही कोपरापर्यंत आली.

भिकाजी : पण तुमचा तिकडे जायचा अर्ज तर संपदानेच भरलाय ना? नागरिक झाल्यावर?

सुरेश : पेंडिंग आहे. डिबेट म्हणजे काही कायदा नव्हे. इन्शाल्ला, होईल काहीतरी.

मृणालिनी : आणि तोवर? ऑफिसने यांना रिटायर केलं, शाल दिली, केक कापला, हबीबी हबीबी केलं आणि नोकरीबरोबर व्हिसाही कॅन्सल. खलास. या महिनाअखेर निघायचंय.

भिकाजी : समोरचा पक्ष आला तर?

सुरेश : त्यांचं यंदा काही खरं नाही. यातलाच कुठलातरी एक येणार.

भिकाजी : हात वर केलेला.

सुरेश : हो.

भिकाजी : चिंचवडचा फ्लॅट आहे ना तुमचा?

मृणालिनी : तो विकून संपदाच्या घरात घातला. खाली आमच्यासाठी खोली काढलीय म्हणे. खिडकीत तुळस ठेवलीय. प्लास्टिकची, तिकडच्या थंडीत खरी जगत नाही. आणि देवही तिकडेच गेलेत आमचे.

भिकाजी : तरी म्हटलं, तो कोनाडा रिकामा का.

मृणालिनी : दिवाळीत आली होती, तेव्हा तिच्याबरोबर दिले. आपण जाणारच आहोत, म्हटलं, आधी ते जाऊन बसू देत. हे नको म्हणत होते.

सुरेश : मी नको नव्हतो म्हणत. मी म्हटलं, बॅगेत नको, हातात ने.

भिकाजी : त्यांची कथा मला ठाऊक आहे. एअरपोर्टवर अडवलं त्यांना.

मृणालिनी : अडवलंच असेल.

भिकाजी : साहेब धिप्पाड. बाळकृष्णाला म्हणाला, हातातलं लोणी डिक्लेअर केलंस का? दुधाचे पदार्थ चालत नाहीत. त्याने तिथेच खाऊन टाकलं. अन्नपूर्णेला विचारलं, पळीत काय? ती म्हणाली, भात. शिजलेला आहे ना? मग जा. आता आला गणपती. साहेबाने सोंडेकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, म्हणाला, बाळा, आईबाप कुठे आहेत? गणपती म्हणाला, हे काय, मागेच उभे आहेत. साहेब म्हणाला...

सुरेश : काय म्हणाला?

भिकाजी : चहा मस्त झालाय, वहिनी.

मृणालिनी : गोष्ट पुरी करा, भावजी. काय म्हणाला साहेब?

भिकाजी : विसरलो.

सुरेश : फोन वाजतोय. संपदाच आहे. थांबा, स्पीकरवर टाकतो. हां, बोल गं. तिकडे रात्र झाली ना?

संपदा : हो बाबा, आत्ताच आले. आम्ही सगळे व्हॉलंटियर हॉलमध्ये एकत्र बघत होतो. तुम्ही बघितलंत?

सुरेश : बघितलं.

संपदा : बाबा, त्याला हात वर करावाच लागला. नाहीतर बाकीच्यांनी त्याला तिथेच खाल्लं असतं. आतली भांडणं किती वाढलीत, तुम्हाला कल्पना नाही.

मृणालिनी : हॉलमधले लोक काय म्हणाले?

संपदा : टाळ्या वाजवल्या.

मृणालिनी : आणि तू?

संपदा : आई, सगळे उठले म्हणून मीही उठले. दोनचार टाळ्या वाजवून झाल्यावर लक्षात आलं, प्रश्न काय होता ते.

सुरेश : असू दे. होतं असं. वकील काय म्हणतो?

संपदा : म्हणतो, वाट बघा. मीही तेच म्हणते. उद्या मला परत दारोदार जायचंय. आपल्याच माणसांनी त्याला सोडलं तर तो लाल टायवाला येईल, तो आणखी वाईट.

मृणालिनी : आमच्या खोलीत आता काय आहे?

संपदा : काही नाही गं. तुझ्या नातवाचा ड्रमसेट ठेवलाय. तात्पुरता.

मृणालिनी : देव कुठेयत?

संपदा : आहेत ना, त्याच खोलीत. कपाटावर. वीकेंडला पूजा करते.

मृणालिनी : परत पाठव.

सुरेश : अगं, काय बोलतेस?

मृणालिनी : ते तिथे एकटे नकोत ड्रमच्या आवाजात. नीट कापसात गुंडाळ आणि पाठव.

संपदा : आई, प्लीज. राग आलाय का तुला माझा?

मृणालिनी : नाही गं. तू झोप, उद्या फिरायचंय तुला. फक्त ते पाठव.

संपदा : बरं. सोमवारी कुरियर करते. पत्ता कुठला घालू?

सुरेश : इथला... नाही, इथे आम्ही नसणार. चिंचवडचा... थांब हां जरा.

संपदा : हॅलो? आई? पत्ता सांग ना.

मृणालिनी : भावजी, तुमच्या त्या देवीची गाडी आली का हो शेवटी?

भिकाजी : नाही आली, वहिनी.