न पोचणारी हाक

मंडळी, आजचं आख्यान देवाचं नाही, विज्ञान कादंबरी लिहिणाऱ्या एका बाईचं आहे. तोंडं वाकडी करू नका. प्रश्न तुमच्याच घरातला आहे — आपणच घातलेला नियम, आपलंच माणूस रडतंय म्हणून मोडावा का?

काका, मान कशाला हलवताय? अजून मी काही सांगितलेलं नाही.

तर मिरजेत दोघी जावा. थोरली यमुनाक्का कादंबऱ्या लिहायची, धाकटी कुमुद त्या सगळ्यांच्या आधी वाचायची. या खेपेची कादंबरी भूतकाळात नेणाऱ्या यंत्राची. त्यात नियम एकच — गेलेल्या काळात दिसतं, ऐकू येतं, पण आपला आवाज तिथे पोचत नाही. नायिका जाते ती भाऊ धरणात बुडाला त्या पहाटे. ती ओरडते. त्याला ऐकू येत नाही. तो पोहायला जातो.

कुमुद पानं घेऊन ओट्यापाशी आली. "अक्का, एक हाक ऐकू जाऊ द्या त्याला."

"नियम आहे."

"तुम्हीच केलाय ना? मग खोडा."

"अगं, एकीची हाक पोचली तर सगळ्यांच्या पोचायला हव्यात. मग कुणी मरणारच नाही. वाचायचं काय?"

"तुम्हाला वाचायचं पडलंय. माझा दादा असाच गेला, तेव्हा मी झोपले होते. जागी असते तर अडवला असता."

आता घ्या! तुमच्या-माझ्यासारखीनं खोडरबर शोधलं असतं. यमुनाक्का चिडली — कुमुदवर, नियमावर, स्वतःवर. आमटी करपली. जावांचं बोलणं बंद. मिठाचा डबासुद्धा सासूबाईंमार्फत.

शेवटी अक्कानं स्वतःचाच नियम पुन्हा वाचला. आवाज पोचत नाही, पण ऐकू तर येतं. मग ही बया नुसती ओरडतेय कशाला? तिनं नायिकेला गप्प केलं. तेव्हा कुठे दारातला भाऊ ऐकू आला. आत झोपलेल्या, त्या काळातल्या नायिकेकडे बोट करून आईला हळूच सांगत होता, "तिला उठवू नकोस. उठली तर मागे लागेल, आणि तिला पोहता येत नाही."

भाऊ गेलाच. नियम तसाच राहिला.

कुमुदनं वाचलं. तेच पान पुन्हा उलटून म्हणाली, "दादा असं म्हणाला असेल?"

"मला काय ठाऊक? तू त्याचं जेवढं सांगितलंस, त्यावरून लिहिलं."

"म्हणाला असेल," कुमुद म्हणाली, आणि मिठाचा डबा तिनं स्वतःच अक्काच्या पुढ्यात सरकवला.

आणि आपण? देवळात यायचं, घंटा बडवायची, माझ्यापुरता नियम सोड म्हणायचं. इतकी वर्षं हाका मारताय, मधे थांबून कधी ऐकलंत?

आता टाळ्या नकोत. जरा वेळ गप्प बसा. काका, तुम्हीसुद्धा.