डोमाजीने भाडं मागितलं नाही

मित्रहो, वहिनींनो,

पहिल्या पाळीची माणसं घरी न जाता थेट इथे आली आहेत. कित्येकांच्या अंगावर अजून कामाचे कपडे आहेत. डोमाजीच्या शोकसभेला एवढे लोक एका जागी जमलेले मी पहिल्यांदाच पाहतो आहे. मला बोलायची सवय आहे, हे तुम्ही जाणता. गेटवरच्या सभांत मी तास तास बोललो आहे. आज मात्र जीभ उचलत नाही, आणि त्याचं कारण फक्त दुःख नाही. लाजही आहे.

डोमाजी भंडाऱ्याकडचा. भाताचं शेत सोडून इथे आला आणि क्रेनखाली लोखंडाला साखळ्या बांधायच्या रिगरच्या कामाला लागला. मी त्याच वर्षी आलो. पोलाद कारखान्याची भट्टी उभी राहत होती, आणि भट्टीपेक्षा भाडी वेगाने वर चढत होती. मरोद्याला एका मालकाच्या कौलारू घरात आम्ही दोघे शेजारी राहायचो. तिथलं भाडं खोलीवर नव्हतं, चुलीवर होतं. जितक्या चुली, तितकी भाडी. म्हणून दोन दोन कुटुंबं एका चुलीवर आळीपाळीने शिजवत. मालक सकाळी यायचा, वाकायचा आणि राखेला हात लावून बघायचा, कुठे चोरून दुसरी चूल पेटली का ते. तुमच्यापैकी कितीजण त्या राखेपाशी मान खाली घालून उभे राहिले आहेत? नव्या भरतीची माणसं स्टेशनवर उतरली की त्याच आठवड्यात भाडं वाढायचं. बोललं तर उत्तर ठरलेलं. सोडा खोली, बाहेर वीसजण उभे आहेत.

माझी बायको बाळंतीण झाली. तान्ह्या लेकराच्या आंघोळीचं पाणी तापवायला तिने तीन विटा मांडल्या. मालकाने दुसऱ्या चुलीचं भाडं लावलं.

त्याच आठवड्यात डोमाजीला कारखान्याच्या वसाहतीत, या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, नळ, मागे पडवीसारखी परछी. चावी मिळाली त्या संध्याकाळी तो आमच्या दारात आला. म्हणाला, "वहिनी, सामान बांधा. पानी तापवाले चूल पायजे ना? आमच्या घरी पेटवा."

मी भाड्याचं विचारलं. तो हसला.

"भाडं नाई पायजे भाऊ. तुमाले क्वार्टर भेटलं का तुमीबी एक बिऱ्हाड ठेवजा. असंच, बिनाभाड्यानं."

मी शब्द दिला. आठ महिने आम्ही त्याच्या आतल्या खोलीत राहिलो. तो, त्याची बायको सरूवहिनी आणि दोन मुली बाहेरच्या खोलीत. माझं लेकरू त्या घरात रांगायला लागलं.

मग मला क्वार्टर मिळालं. आणि मी काय केलं, मित्रहो? परछीला बांबूचे तट्टे लावले आणि गोंदियाच्या एका वेल्डरला भाड्याने दिली. चुलीच्या हिशेबाने. मरोद्याच्याच हिशेबाने! सभेत घरमालकांना रक्त पिणाऱ्या जळवा म्हणायचं आणि पगाराच्या दिवशी परछीच्या दारात हात पुढे करायचा.

डोमाजी एकदा चहाला आला. सगळं बघून म्हणाला, "भाऊ, परछीवाल्यापासून भाडं कावून घेऊन राहिले?" मी म्हटलं, बाजारापेक्षा कमी घेतो. वर एका जाड पुस्तकातलं पानभर ऐकवलंही. कामगार, मजुरी, महागाई. सगळं ऐकून तो म्हणाला,

"पान चांगलं आहे भाऊ. पर सस्ता घरमालकबी घरमालकच असते."

पुढच्या पगाराला मी भाडं घेतलं. गेल्या पगारालाही घेतलं.

डोमाजी काविळीने नवव्या दिवशी गेला. क्वार्टर नोकरीचं होतं, ते आता महिन्याभरात रिकामं करायचं आहे. सरूवहिनी दोन मुलींना घेऊन खोली शोधत मरोद्यापासून दुर्गपर्यंत फिरल्या. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, कमावता माणूस कोण? कोणी नाही म्हटलं की दार बंद.

काल त्या माझ्याकडे आल्या. मी सांत्वनाचे शब्द जुळवून ठेवले होते. त्या बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या परछीत आनखी एक चूल मावते का? भाडं किती घेता? मी चार घरची भांडी धरली आहेत. महिन्याचं महिन्याले देईन."

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. आठ महिने ज्यांचं मीठ खाल्लं, त्या बाईंना मी घरमालक वाटलो, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

उत्तर आज देतो, सगळ्यांदेखत. सरूवहिनी, परछी नाही. माझी आतली खोली तुमची. चूल तुमची. भाडं नाही. आणि परछीतला वेल्डर मागे उभा आहे. भाऊ, तुझंही भाडं आजपासून बंद.

पण मित्रहो, परछीत चूल काय माझ्या एकट्याच्याच आहे? या सेक्टरच्या मागच्या गल्लीतून एकदा चालत जा. डोमाजीच्या फोटोला हार घालायला इथे शंभर हात आहेत. त्यातले किती हात पगाराच्या दिवशी परछीच्या दारात पुढे होतात?

मला ठराव नको. वर्गणी नको. आता आपण डोमाजीसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. मग बाकीच्यांनी खाली बसावं. ज्याने परछीतलं भाडं आजपासून सोडलं, त्याने उभंच राहावं.

मी बसणार नाही.